आजारी नसतील हो त्या

प्रश्न: संध्याकाळी फिरायला जाते तेव्हा आमच्याच भागात जुन्या काळातल्या एक अभिनेत्री दिसल्या. कॉलेजात असताना त्यांच्यासाठी आम्ही वेड्या होतो. आता केस पांढरे, साधे कपडे, हातात कापडी पिशवी, बरोबर कोणी नाही. फार वाईट वाटलं. तीन-चार दिवस थोडं अंतर ठेवून त्यांच्या मागे चालले, पण बोलायचा धीर झाला नाही. मैत्रिणींच्या ग्रुपवर फोटो टाकला, सगळ्या हळहळल्या. गेला आठवडाभर मात्र त्या दिसल्याच नाहीत. आजारी असतील का? पैशांची अडचण असेल का? सगळ्यांनी मिळून काही रक्कम घरी नेऊन द्यावी का?
– एक चाहती

उत्तर: ‘थोडं अंतर ठेवून त्यांच्या मागे चालले.’ हे वाक्य तुम्ही किती सहज लिहून पुढे गेलात! मी तिथेच अडले.

एकटीने चालणाऱ्या बाईला मागची पावलं कळतात. आपण वेग वाढवला की तीही वाढवतात, आपण चपलेचा बंद नीट करायला वाकलो की तीही रेंगाळतात. तुम्हाला कळलं नसतं? मग जिने ऐन उमेदीची वर्षं लोकांच्या नजरा झेलण्यात घालवली, तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं असणार. वर तुम्ही फोटोही काढलात. त्या आजारी वगैरे नसाव्यात. त्यांनी वेळ बदलली असेल, नाहीतर रस्ता. तुमच्यामुळे.

आणि अडचण कुठून शोधून काढलीत? पांढरे केस आणि कापडी पिशवी, एवढ्यावर? या वयाच्या निम्म्या बायका अशाच फिरायला निघतात, त्यांच्यासाठी कोणी वर्गणी काढत नाही. तुमच्या आठवणीतला चेहरा तिशीचा आहे आणि समोरच्या बाईने तो तसा ठेवला नाही, हे तुमचं दुःख आहे. ते त्यांच्या दारात नेऊन ठेवू नका.

हॉलिवूडची अभिनेत्री ग्रेटा गार्बो, तिने 1941 नंतर एकही चित्रपट केला नाही. 1990 मध्ये गेली, तोवर न्यूयॉर्कमध्ये राहिली आणि लांबवर चालत राहिली. तिच्या उतारवयातले कितीतरी फोटो रस्त्यावर चोरून काढलेले आहेत, काहींत तर तिने तोंडासमोर हात धरलाय. तो हात कधीतरी नीट बघा. आपल्याकडे सुचित्रा सेन 1978 नंतर लोकांसमोरून जवळजवळ नाहीशा झाल्या, त्या 2014 मध्ये जाईपर्यंत. त्यांना कोणी ‘बिचारी’ म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. तुमच्या अभिनेत्रीचं काय, तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. पण त्या फिरत होत्या. घराबाहेर पडत होत्या. आठवड्यापूर्वीपर्यंत.

तो फोटो पुन्हा उघडा आणि त्यांच्या मागे काय दिसतंय ते पाहा. एखादं फाटक, इमारतीची पाटी? मग तुमच्या ग्रुपमधल्या कोणाच्या तरी भाच्याला पत्ता शोधायला किती वेळ लागेल? व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर्वांसाठी डिलीट’ करायची मुदत जेमतेम अडीच दिवसांची, ती केव्हाच उलटली. म्हणजे आता तोंडानेच सांगावं लागेल: पुसून टाका, आणि कोणाला पुढे पाठवला असेल तर त्यांनाही पुसायला सांगा. दोघी-तिघी रुसतील. रुसू देत.

आणि उद्यापासून सकाळी फिरायला जा. संध्याकाळची वेळ त्यांची होती, ती त्यांना मोकळी करून द्या. ‘बोलून माफी मागू का’ असं पुढचं पत्र येणार हे मला दिसतंय, म्हणून आत्ताच सांगते, नाही. माफीसाठीही तुम्हाला त्यांना गाठावंच लागेल. चुकून समोरासमोर आलातच तर इतर कोणाकडे बघून मान हलवता तशी हलवा आणि चालत्या व्हा.

पैसे गोळा करायला सुरुवात केली असेल तर ज्याचे त्याला परत करा.