वजनाची शस्त्रक्रिया कोणत्या वयात? एकाच घरातील दोन उत्तरे

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची मानसिक तयारी तपासली जाते आणि त्या निमित्ताने माझ्याकडे येणारी कुटुंबे बहुधा एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. विशीतल्या मुलामुलींचे पालक विचारतात, ‘इतक्या लवकर करावी का?’ आणि पन्नाशी उलटलेली माणसे विचारतात, ‘आता करून काय उपयोग?’ पुण्यातील सहकारनगरमधल्या एका कुटुंबात हे दोन्ही प्रश्न एकाच भेटीत समोर आले, म्हणून तो अनुभव येथे मांडत आहे. आई आणि मुलगी या दोघींच्या परवानगीने लिहीत असून, ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

भेट मुलीसाठी ठरली होती. वय २१, उंची १६० सेंटिमीटर, वजन ९४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन किती, हे सांगणारा निर्देशांक) ३६ च्या पुढे. पाळी अनियमित, पीसीओएसचे (संप्रेरकांच्या असंतुलनामुळे होणाऱ्या अंडाशयाच्या विकाराचे) निदान झालेले, मधुमेह नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या वडिलांनी सगळे वेळापत्रकच आखून आणले होते. मे महिन्यात शस्त्रक्रिया करायची, तोवर स्थळे पाहणे थांबवायचे, आणि तुळशीच्या लग्नानंतरचा एखादा मुहूर्त धरायचा. त्यांच्या बोलण्यात मुलीविषयीची काळजी खरी होती, हे मी आवर्जून नमूद करते. मात्र पाऊण तासाच्या त्या संभाषणात मुलगी एकदाही आपणहून बोलली नाही, आणि तिची आई खुर्चीत बसल्या बसल्या दोनदा झोपी गेली.

आईच्या त्या झोपेकडे लक्ष गेल्यामुळे घराण्यातील आजारांची माहिती घेताना मी तिच्यापाशी जरा जास्त वेळ थांबले. त्या ५६ वर्षांच्या होत्या. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ८८ किलो, बीएमआय ३८. अकरा वर्षांपासून मधुमेह, गेली तीन वर्षे इन्शुलिन, त्याखेरीज रक्तदाबाची गोळी. रात्रीचे घोरणे शेजारच्या खोलीत ऐकू जाई आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होई, असे मुलीने सांगितले. ते तिचे पहिले वाक्य होते. पर्वतीला जाणे तर आईने केव्हाच सोडून दिले होते. ‘तुमच्यासाठी या उपचाराचा विचार कधी केला का?’ असे मी विचारले, तेव्हा त्या हसल्या. ‘माझं काय आता, मॅडम? आयुष्य झालं. पैसे खर्च करायचेच तर पोरीवर करू.’ वडिलांनीही मान डोलावली. छप्पन्नाव्या वर्षी पोटाची शस्त्रक्रिया म्हणजे हौस, आणि एकविसाव्या वर्षी ती म्हणजे गुंतवणूक, असा त्या घराचा हिशेब होता.

वैद्यकशास्त्राचा हिशेब वेगळा आहे. १९९१ पासून चालत आलेले निकष २०२२ मध्ये अमेरिकेतील आणि आंतरराष्ट्रीय स्तरावरील या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्रितपणे बदलले. बीएमआय ३५ किंवा अधिक असेल, तर सोबत दुसरा आजार नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस करता येते, आणि आशियाई व्यक्तींच्या बाबतीत २७.५ पासूनच हा पर्याय पुढे ठेवावा, असे त्यांत म्हटले आहे. वयाची वरची मर्यादा त्यांत नाही. वयस्क व्यक्तीची शारीरिक ताकद, हृदय, फुप्फुसे आणि इतर आजार पाहून निर्णय घ्यावा, एवढेच सांगितले आहे. म्हणजे कागदावर मायलेकी दोघीही पात्र होत्या. फरक होता तो थांबण्याच्या किमतीत. टाइप २ मधुमेहात शस्त्रक्रियेनंतर औषधांविना साखर आटोक्यात राहण्याची शक्यता आजार नवा असताना जास्त असते, आणि जितकी वर्षे उलटतात, इन्शुलिन सुरू होते, तितकी ती कमी होत जाते. त्यामुळे रुग्णाचे वय किती, यापेक्षा त्याच्या मधुमेहाचे वय किती, हा प्रश्न मला अधिक कामाचा वाटतो. आईसाठी प्रत्येक वर्ष मोलाचे होते. मुलीसाठी तशी घाई नव्हती.

मुलीशी मी एकटीने बोलले तेव्हा दुसरी बाजू उलगडली. दोन स्थळांकडून केवळ छायाचित्र पाहून नकार आला होता. आपल्याला शस्त्रक्रिया हवी आहे का, याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते, कारण तो प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. आठवड्यातून दोन-तीन रात्री, घरातले झोपल्यावर, ती फरसाण, बिस्किटे, उरलेली पोळी-भाजी असे पोट दुखेपर्यंत खात असे आणि वेष्टने सकाळी कॉलेजच्या पिशवीतून बाहेर नेऊन टाकत असे. त्यावर अजिबात ताबा राहत नाही, हे सांगताना तिला फार कष्ट पडले. खाण्यावरचा ताबा असा सुटण्याचा विकार असल्यास शस्त्रक्रिया कायमची बाद होते, असे मुळीच नाही; पण आधी त्यावर उपचार झालेले बरे. या शस्त्रक्रियेच्या स्लीव्ह प्रकारात जठराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात, त्यामुळे एका वेळी खूप खाणे शक्य होत नाही. परंतु मन हलके करण्यासाठी खाण्याची सवय तशीच राहिली, तर दिवसभर थोडे थोडे गोड-तळलेले खात राहून वजन पुन्हा वाढू शकते. काही जणांत, विशेषतः बायपासनंतर (या प्रकारात जठराचा लहानसा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात), मद्याचे व्यसन वाढल्याचेही दिसून आले आहे. म्हणून मनाची तपासणी ही केवळ सहीपुरती औपचारिकता नव्हे.

वडिलांच्या वेळापत्रकातील अडचणी मी त्यांना एकेक करून सांगितल्या. शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो, कारण वजन झपाट्याने उतरत असताना आईच्या आणि बाळाच्या पोषणाची हेळसांड होऊ शकते. पीसीओएसमुळे दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहणे तर अधिकच धोक्याचे, कारण वजन उतरले की पाळी आणि बीजनिर्मिती अनेकदा सुरळीत होते. मे महिन्यात शस्त्रक्रिया आणि डिसेंबरात लग्न झाले, तर नव्या घरात ‘गोड बातमी कधी?’ या प्रश्नाला एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी या मुलीने एकटीने तोंड द्यायचे, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या सासरी लपवून घ्यायच्या? तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास अनेकांचे केस लक्षणीय गळतात. पुढे ते बहुधा परत येतात, पण नेमक्या त्याच काळात कांदेपोह्यांचे कार्यक्रम योजले होते. लग्नाच्या बाजारात किंमत वाढावी, हे कारण मला शस्त्रक्रियेसाठी पुरेसे वाटत नाही, आणि तसे मी स्पष्ट सांगितले. वडील नाराज झाले. पुढची भेट त्यांनी रद्द केली. पंधरवड्याने मुलीनेच फोन करून ती पुन्हा ठरवली.

लहान वयाबद्दल येथेच थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे पालकही माझ्याकडे येतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत १३ वर्षे आणि त्यापुढील तीव्र स्थूलतेच्या मुलांना या शस्त्रक्रियेच्या मूल्यमापनासाठी पाठवावे, असे म्हटले आहे. त्यामागे अनुभव आहे. तेथील टीन-लॅब्ज या अभ्यासात किशोरवयीन मुलांचा शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ पाठपुरावा केला गेला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, बायपासनंतर पाच वर्षांनी किशोरांपैकी ८६ टक्के आणि प्रौढांपैकी ५३ टक्के मधुमेही आजारमुक्त अवस्थेत आढळले. पण किशोरांमध्ये लोहाची कमतरता आणि पोटाच्या पुन्हा शस्त्रक्रिया अधिक होत्या. दहा वर्षांनंतर बीएमआय सरासरी सुमारे २० टक्क्यांनी कमीच राहिला. तेव्हा ‘लहान वयात नकोच’ असे सरसकट म्हणणे चूक आहे. मधुमेह जडलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला पंचविशीपर्यंत थांबवणे हाही एक निर्णयच आहे आणि त्याचेही दुष्परिणाम असतात. मी अशा पालकांना फक्त एवढे विचारते, की रोजची बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाची गोळी आणि वर्षावर्षाची रक्ततपासणी ही आयुष्यभराची बांधिलकी मूल स्वतःच्या तोंडाने कबूल करते का. कायद्याने सही पालकांची चालते. गोळी मात्र मुलालाच गिळायची असते.

पैशाचा विषय थोडक्यात. विमा नियामकाच्या प्रमाणित शब्दरचनेनुसार या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी डॉक्टरांचा सल्ला, वयाची १८ वर्षे पूर्ण आणि बीएमआय ४० लागतो, किंवा ३५ सोबत गंभीर हृदयविकार, झोपेतील श्वासरोधाचा गंभीर त्रास अथवा उपचार घेऊनही आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार लागतो, आणि साधे उपाय आधी अपयशी ठरलेले असावे लागतात. ज्या मुलीसाठी वडील ठेव मोडायला निघाले होते, तिचा खर्च विम्यात बसत नव्हता; ज्या आईचा विचारच नव्हता, तिचा बसण्यासारखा होता. या एका गोष्टीमुळे घरातील चर्चेचा सूर बदलला, हे मला मान्य केले पाहिजे. माझ्या चार भेटींनी जे झाले नसते, ते पॉलिसीच्या एका कलमाने केले.

शस्त्रक्रिया करावी की नाही, हे ठरवणे माझे काम नव्हे. आईला मी फिजिशियन, शल्यचिकित्सक आणि आहारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवले. झोपेच्या तपासणीत गंभीर श्वासरोध आढळला आणि आधी काही आठवडे रात्री सीपॅप यंत्र (झोपेत श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे) वापरावे लागले. रजोनिवृत्तीनंतर हाडे आधीच ठिसूळ होत असतात आणि बायपासनंतर झीज वाढू शकते, म्हणून हाडांची घनता तपासली गेली. आमच्या भेटींत मात्र वाद झाला तो उपवासांवर. महिन्याची संकष्टी, दोन एकादश्या, श्रावणी सोमवार, हे चाळीस वर्षे चालत आलेले व्रत सोडायचे म्हणजे अपराध, असे त्यांना वाटत होते. शस्त्रक्रियेनंतर स्नायू टिकवण्यासाठी रोज निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, शाकाहारी घरात ती पनीर, दही, मूग, सोयाबीन यांतून जुळवावी लागतात, आणि साबुदाण्याच्या खिचडीत ती जवळजवळ नसतातच. अखेर त्यांच्याच सासूबाईंनी ‘देवाला औषध चालतं’ म्हणून तो प्रश्न निकालात काढला.

आईच्या बायपास शस्त्रक्रियेला आता सव्वा वर्ष झाले आहे. त्यांचे वजन ६५ किलोवर आहे, इन्शुलिन बंद आहे, मधुमेहाची एक गोळी सुरू आहे. मधुमेह इतका जुना असल्यामुळे ती सुरूच राहील, याची कल्पना त्यांना आधीच दिलेली होती. गणपतीत दुसरा मोदक खाल्ल्यावर घाम फुटून छाती धडधडू लागली, तेव्हा त्या घाबरून गेल्या होत्या. बायपासनंतर गोड पटकन आतड्यात उतरल्यामुळे असे होते, हे फोनवर पुन्हा समजावून सांगावे लागले.

मुलीचे रात्रीचे अनावर खाणे उपचारांनंतर महिन्यातून एखाद्या वेळेवर आले आहे. वजन सहा किलोंनी उतरले असून पुढे सरकत नाही, आणि बीएमआय अजून ३४ च्या वर आहे. स्थळे पाहणे तिच्या सांगण्यावरून थांबले आहे. गेल्या महिन्यात ती हिंजवडीतील नोकरीचा पहिला पगार झाल्यावर एकटीच आली. आता बाजारात आलेल्या, वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांनी काय साधते, ती बंद केल्यावर वजन परत येते का, आणि शस्त्रक्रिया केलीच तर मूल होऊ देण्याच्या आधी करावी की नंतर, असे प्रश्न तिने वहीत लिहून आणले होते. इंजेक्शने थांबवल्यावर गेलेल्या वजनाचा बराचसा भाग अनेकांत परत येतो, एवढे मी सांगितले. उरलेल्या प्रश्नांसाठी आईच्याच डॉक्टरांची वेळ तिने स्वतः घेतली आहे.