कॅथलिक नसलेल्या, पण मैत्रिणीच्या कॅथलिक कुटुंबाबरोबर तीर्थयात्रेला निघालेल्या एका वाचकाचा प्रश्न: कॅथलिक लोकांना तीर्थयात्रा सक्तीची असते का, तीर्थस्थळी ते नेमकं करतात काय, आणि देव सगळीकडे असताना जायचंच कशाला?

सक्तीची नसते. दर रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), वर्षातून निदान एकदा धर्मगुरूंपुढे गंभीर पापांची कबुली, पास्काच्या (ईस्टरच्या) काळात ख्रिस्तशरीर म्हणजे मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर स्वीकारणं ही बंधनं आहेत. यात्रा त्या यादीत नाही. जन्मभर कुठल्याच तीर्थस्थळी न गेलेला कॅथलिकही पुरा कॅथलिकच. इतकंच कशाला, फ्रान्समधल्या लूर्दला 1858 मध्ये बर्नादेत या मुलीला किंवा पोर्तुगालमधल्या फातिमाला 1917 मध्ये तीन मुलांना पवित्र मरियेचं दर्शन झालं, यावर विश्वास ठेवण्याचीही सक्ती नाही. चर्चने मान्यता दिली म्हणजे श्रद्धेला बाधक काही आढळलं नाही, भक्ती करायला हरकत नाही, एवढंच. मे 2024 मध्ये व्हॅटिकनने काढलेल्या नियमांनुसार तर अशा घटना दैवी असल्याचा निर्वाळा आता सहसा दिलाच जात नाही. सगळ्यांत अनुकूल निकालही ‘हरकत नाही’ एवढ्यावरच थांबतो.

मग देव सगळीकडे असताना जायचं कशाला, हा तुमचा खरा प्रश्न. देव तिथे जास्त असतो असं कोणी मानत नाही. घरी, कामात माणूस जे टाळत असतो त्याला तिथे सवड मिळते, आणि ते टाळत असलेलं काम बहुधा पापकबुलीचं असतं. चर्चच्या कायद्यातही (कलम 1230 ते 1234) हाच रोख दिसतो. भाविक भक्तीच्या विशेष कारणाने मोठ्या संख्येने जिथे जातात आणि बिशपांची ज्याला मान्यता आहे, ते तीर्थस्थळ. राष्ट्रीय म्हणवून घ्यायला त्या देशाच्या बिशप परिषदेची मान्यता लागते, आंतरराष्ट्रीयला थेट व्हॅटिकनची. आणि अशा ठिकाणी प्रवचन, मिस्सा व पापकबुली यांची भरपूर सोय असली पाहिजे असं कलम 1234 सांगतं. म्हणून एखादं तीर्थस्थळ कसं चाललंय हे जोखायचं असेल तर मी दुकानं किंवा मेणबत्त्यांचा ढीग बघत नाही, कबुली ऐकायला किती धर्मगुरू बसलेत ते बघतो.

चमत्कारांबद्दल लोकांच्या अपेक्षा मात्र भलत्याच असतात. लूर्दच्या झऱ्याच्या पाण्याचं पृथक्करण 1858 मध्येच झालं होतं. ते साधं पिण्याचं पाणी निघालं. बरं झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे तिथल्या वैद्यकीय कार्यालयाकडे नोंदले गेले, चमत्कार म्हणून मान्य झाले ते सत्तरच्या आसपास. आजाराचं निदान पक्कं हवं, बरं होणं अचानक, संपूर्ण आणि टिकाऊ हवं, उपचारांनी त्याचा उलगडा होता कामा नये. डॉक्टर फक्त ‘आम्हाला कारण सांगता येत नाही’ इथपर्यंत जातात. चमत्कार जाहीर करायचा की नाही हे बऱ्या झालेल्या माणसाच्या स्वतःच्या धर्मप्रांताचे बिशप ठरवतात, लूर्दचे नव्हे.

यात्रेला जोडलेल्या पूर्ण इंडल्जन्सचा गोंधळही बराच असतो. पापाची क्षमा कबुलीतच होते. क्षमा झाल्यावरही भोगायची जी शिक्षा उरते, ती इंडल्जन्सने माफ होते. पैशाशी याचा संबंध पोप पायस पाचवे यांनी 1567 मध्येच तोडला. मान्यताप्राप्त तीर्थस्थळी आपण निवडलेल्या दिवशी वर्षातून एकदा, आणि समूहाने यात्रेला गेल्यास प्रत्येक वेळी, ती मिळू शकते. तिथे प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली) आणि श्रद्धेचा अंगीकार (ख्रिस्ती विश्वासाचं ठरलेलं निवेदन) म्हणायचा. त्याशिवाय पापकबुली, ख्रिस्तशरीर आणि पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना (प्रभूची प्रार्थना व हेल मेरी ही मरियेची प्रार्थना एकेकदा म्हटली तरी चालते). हे तिन्ही यात्रेच्या आधी किंवा नंतर साधारण वीस दिवसांत करता येतं, आणि नेमकं हेच अनेकांना ठाऊक नसतं. सणाच्या दिवशी तासभर रांगेत उभं राहून शेवटी घाईघाईत कबुली देण्यापेक्षा निघण्याआधी आपल्याच धर्मग्रामात (आपल्या भागातल्या चर्चमध्ये) नीट द्यावी. एका कबुलीवर अनेक इंडल्जन्स चालतात; ख्रिस्तशरीर आणि प्रार्थना मात्र दर वेळी नव्याने. पूर्ण इंडल्जन्स दिवसाला एकच. सगळ्यांत अवघड अट राहतेच: कुठल्याही पापाची, अगदी किरकोळ पापाचीही, ओढ मनात नसावी. ती पुरी झाली नाही तर इंडल्जन्स पूर्ण न राहता आंशिक होते.

स्पेनमधल्या सांतियागोची यात्रा पुरी केल्याचं प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट. त्यासाठी पायी किमान 100 किलोमीटर किंवा सायकलने 200, आणि यात्रेच्या पुस्तिकेवर दिवसाला दोन शिक्के लागतात. एकाच शिक्क्यावर भागवणारे किंवा मधला टप्पा टॅक्सीने उरकणारे प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयात अडकतात. शिवाय ते हातात पडलं म्हणजे इंडल्जन्स मिळाली असं नाही. तिच्या अटी वरच्याच.

नवस केला असेल तर मात्र बंधन येतं, पण ज्याने केला त्याच्यावरच. आईने नवस केला आणि फेडायचा राहिला, तर तो मुलाच्या डोक्यावर बसत नाही (कलम 1193). स्वतःचा नवस आजारपणामुळे फेडता येत नसेल तर धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना भेटावं. योग्य कारण असेल तर ते त्यातून मोकळं करू शकतात. त्याच्या तोडीचं किंवा अधिक चांगलं दुसरं काम तर स्वतःच्या अधिकारातही निवडता येतं. वर्षानुवर्षं मनात भीती बाळगण्याचं काहीच कारण नाही.

तुम्ही कॅथलिक नसून मैत्रिणीच्या कुटुंबाबरोबर जाणार आहात, म्हणून शेवटी एवढंच. मिस्साला बसा, मेणबत्ती लावा, मिरवणुकीत चाला, कोणी अडवणार नाही. ख्रिस्तशरीर देण्याची वेळ आली की जागेवरच बसून राहा. पुष्कळ चर्चमध्ये छातीवर हात दुमडून रांगेतून गेलं तर धर्मगुरू आशीर्वाद देतात, पण ते आधी विचारून घ्या. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. पापकबुलीच्या रांगेपासून थोडं दूर उभं राहा, आतलं बोलणं बाहेर ऐकू येऊ शकतं.