अभ्यागत की पर्यटक? आयोग की समिती?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या १९६८च्या एका कायद्याने वॉशिंग्टनला येणाऱ्या लोकांच्या सोयींसाठी 'नॅशनल व्हिजिटर फॅसिलिटीज ॲडव्हायझरी कमिशन' नेमले. त्याला 'राष्ट्रीय अभ्यागत सुविधा सल्लागार समिती' म्हणावे का?

'अभ्यागत' मला इथे खटकतो. शब्द सुंदर आहे, पण सरकारी मराठीत तो आता कामासाठी खेटे घालणाऱ्याला चिकटला आहे. मंत्रालयात पास काढून आत जातो तो अभ्यागत. शिवाय आपल्या सरकारी रुग्णालयांना 'अभ्यागत समिती' असते, आणि ती रुग्णालयाच्या कारभारावर लक्ष ठेवते. 'अभ्यागत' आणि 'समिती' एका नावात आले की वाचकाचे मन थेट सिव्हिल हॉस्पिटलात पोचणार! वॉशिंग्टनचे हे लोक राजधानी पाहायला आलेले, तेव्हा सरळ 'पर्यटक' म्हणा. त्यांच्यासाठी युनियन स्टेशनच्या जुन्या इमारतीत केंद्र करायचे ठरले. ते १९७६च्या ४ जुलैला उघडले आणि १९७८मध्ये बंदही पडले.

आता आयोग की समिती. 'कायद्याने नेमला तो आयोग, सरकारी ठरावाने नेमली ती समिती' असे ठोकून सांगितले जाते. ते टिकत नाही. आपला नियोजन आयोग १९५०मध्ये मंत्रिमंडळाच्या ठरावाने आला, तर जिल्हा नियोजन समितीला थेट राज्यघटनेचा आधार आहे. आयोगाचे म्हणणे बंधनकारक असते, हेही खरे नाही; मंडल आयोगाने शिफारशीच केल्या होत्या. म्हणजे हा बराचसा रूढीचा मामला आहे. (दलालीतले 'कमिशन' आणखी वेगळे, त्याला ठरावही लागत नाही.)

तरी इथे मी 'आयोग'च ठेवेन, आणि कारण व्यवहाराचे आहे. अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या 'कमिट्या' तुमच्या लेखात येणारच, त्यांना 'समिती' लागेल. आपल्या या 'कमिशन'वरही सिनेटर होते, प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते आणि गृहखात्याचे मंत्रीही होते. दोघांनाही समिती म्हटले तर कोण कुणाला सल्ला देतेय ते कळणार नाही. आणि हो, अमेरिकेचे ते 'इंटीरियर' खाते म्हणजे आपले पोलिसांचे गृहखाते नव्हे. राष्ट्रीय उद्याने, सरकारी जमिनी त्याच्याकडे. वर मी सवयीने लिहिले तसे लिहू नका, 'अंतर्गत व्यवहार खाते' बरे.

'राष्ट्रीय पर्यटक' असे लागोपाठ आले तर देशी पर्यटक असा अर्थ होतो. म्हणून पहिल्यांदा 'पर्यटक सुविधा राष्ट्रीय सल्लागार आयोग' असे पूर्ण लिहा, पुढे नुसते 'आयोग'.