बजेट २०-२५ हजार, राहायला रत्नागिरीत, मॅन्डोलिन ए-स्टाईल घेऊ की एफ-स्टाईल?

ए-स्टाईलच घे रे. एफला अंगावर ती गोल वळी (नक्षीचा वळसा) असते ना, पैसे तिचेच जास्त जातात, आवाजात फारसा फरक नाही, त्यापेक्षा तेवढ्याच पैशात सॉलिड स्प्रूसचा टॉप (वरची फळी प्लायची नाही, अखंड स्प्रूस लाकडाची) मिळतो का बघ. फक्त आपल्याकडच्या पावसात सॉलिड लाकूड फुगतं आणि तारा वर उचलल्यासारख्या होतात, म्हणून ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती घोडी) खाली-वर करता येणारा हवाच, मान वाकली तर सरळ करायला आतली सळई, म्हणजे ट्रस रॉडही ॲडजस्ट होणारा हवा, आणि केसमध्ये सिलिका जेल टाकून ठेव. दुकानात आठही तारा १२व्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) दाबून बघ, तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा सूर) आणि तो सूर जुळला पाहिजे. माझ्या पहिल्या मॅन्डोलिनचा ब्रिज सरकलेला होता, त्यामुळे सूर जुळायचे नाहीत आणि मी महिनाभर स्वतःच्या कानालाच शिव्या घालत होतो! तारा खाऱ्या हवेनं गंजतात, वाजवून झालं की पुसायच्या.