डोकं सतत धुकं भरल्यासारखं जड, घरच्यांबद्दलही काहीच वाटत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की आई बोलत असते आणि काचेपलीकडून ऐकल्यासारखं वाटतं, ते वाचून पोटात कालवलं, कारण २०२१ला कोविड झाल्यावर माझं अगदी हेच झालेलं. दूध समोर उतू जातंय आणि मी नुसती बघत उभी. भाचीला कडेवर घेतलं तरी आत काही हलायचं नाही, आणि त्याचाच अपराधीपणा जास्त खायचा.

आधी रक्त तपासा, खरंच. व्हिटॅमिन बी१२ आणि डी, हिमोग्लोबिन, थायरॉईडसाठी टीएसएच. बी१२ मुख्यतः मांस, मासे, अंडी, दूध यातूनच मिळतं, त्यामुळे शाकाहारी असाल आणि दूध-दहीही कमीच असेल तर ते कमी निघायची शक्यता बरीच असते, आणि त्यानेही डोकं असंच सुन्न होतं. माझं कमीच निघालं, पण नुसत्या गोळ्यांनी सगळं सुटलं नाही हं, डिप्रेशनपण होतं, ते सायकियाट्रिस्टकडे गेल्यावर कळलं. डिप्रेशन म्हणजे रडूच येतं असं नाही, काहीच न वाटणं हेही त्यातच येतं. आधीपासून काही औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका.

रोजचं म्हणाल तर झोपेची वेळ आणि सकाळी उन्हात वीसेक मिनिटं चालणं, एवढंच मी धरून ठेवलं. आईला सांगा, "माझं प्रेम कमी नाही झालं, मला बरं नाहीये."

जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी १४४१६ लावा, टेलिमानस म्हणजे मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात.