ढोली मोजू नकोस

प्रिय पोरी,

जोहार. तुझं पत्र मिळालं. ऐन पावसाच्या तोंडावर गडचिरोलीतल्या भामरागडला रुजू होतेयस आणि विचारतेयस, बायांचं पहिलं प्रशिक्षण कशावर घेऊ, परसबागेवर की पोषणावर? कशावरच नको. पहिले चार महिने तूच शिक. आधी माडिया बोली शीक. तुला जे ऐकायचंय ते मराठीत कुणी सांगणार नाही, म्हाताऱ्या तर नाहीच.

वास्ते (बांबूचे कोंब) कधी फुटतात, सात्या (अळंबी) कुठं उगवतात, कोसरी (बारीक भरडधान्य) कुठल्या उतारावर टाकायची, बियाण्याला कीड लागू नये म्हणून काय करायचं, हे तिथल्या बाईला पाठ आहे. आपण जाऊन तिला 'आहारातले घटक' शिकवतो तेव्हा ती मान डोलावते, ते आपण लांबून आलोय म्हणून. तिचं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. घरातलं अन्न तिच्या हातचं असतं, पण कागद, काटा आणि बैठकीतला शब्द तिचा नसतो. त्यात इतकी वर्षं नक्षलवादी आणि पोलीस अशा दोन बंदुकांच्या मधोमध चूल पेटवायची होती.

यावरूनच माझी चूक सांगते. धान्यबँक सुरू करायची म्हणून मी वही घेऊन घरोघर फिरले होते. कुणाच्या ढोलीत, म्हणजे धान साठवायच्या कणगीत, किती धान, किती महिने पुरेल, सगळं नावानिशी लिहीत होते. एका म्हातारीनं मला ढोलीजवळ फिरकूच दिलं नाही. मला तिचा राग आला, अडाणी वाटली. परतताना सोबतच्या अंगणवाडीताईनं समजावलं. रात्री आतले लोक, म्हणजे नक्षलवादी, येऊन जेवण मागायचे आणि नाही म्हणायची सोय नव्हती. सकाळी पोलीस विचारायचे, एवढा भात कुणासाठी रांधला? माझी वही यातल्या कुणाच्याही हाती पडली असती तर कुणाकडे मागायचं आणि कुणावर संशय घ्यायचा, याची आयती यादीच मिळाली असती. मी ती वही त्याच रात्री चुलीत घातली. आता गोळीबार बराच थांबलाय, हे खरं. तरी नावानिशी धान्याची यादी करू नकोस, फोनमध्ये तर मुळीच नको. कार्यालयातून तक्ता भरून मागतील तेव्हा गावाची एकूण बेरीज दे आणि वाद घाल. वाद घालायचा पगार आपल्याला मिळतो असं समज.

धान्यबँक पुढं झाली, पण बायांच्या पद्धतीनं. कापणीनंतर प्रत्येकीनं सारखंच माप आणायचं, गरीब असो की बरी. साठा एका घरात नाही, तीन घरांत. गावातला सावकार दिडीनं धान द्यायचा, म्हणजे आषाढात दोन पायल्या नेल्या की कापणीला तीन. बायांनी सवाई ठरवली, म्हणजे चार पायल्यांना पाच, आणि बाळंतिणीच्या घराला तीही माफ. हा नियम माझ्या डोक्यात आला नसता. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा त्या ढोल्यांवर घरं तगायची. तुटणाऱ्या गावांना सरकार पावसाळ्याआधी आगाऊ धान्य पोहोचवतं. ते खरंच उतरलं का, हे मे महिन्यातच जाऊन बघत जा.

कागदांचं म्हणशील तर दोनच गोष्टी पक्क्या धर. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सज्ञान बायांपैकी सर्वांत मोठीचं नाव लागतं. कार्ड उघडून बघ, कुणाचं आहे. दुसरं, वनहक्काचा पट्टा, म्हणजे कसत्या वनजमिनीच्या हक्काचा कागद. 2006 च्या कायद्यात तो नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा आहे. नवरा तुरुंगात, परागंदा किंवा मेलेला, अशी घरं तुला भेटतील. तिथं या दोन कागदांवर तिचं नाव आहे की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

आणि मोहफूल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून वेचते बाई, वाळवते बाई, आणि आठवडी बाजारात व्यापाऱ्याच्या काट्यावर ते टाकतो पुरुष. हातात पैसा नाही म्हणून लगेच विकतात, आणि तोच मोह पावसाळ्यात चढ्या भावानं परत घेतात. बचत गटाकडं स्वतःचा काटा असावा, एवढ्यासाठी मी दोन वर्षं भांडले. काटा आला त्या बाजारात एका व्यापाऱ्यानं आमच्याशी बोलणं सोडलं. फार बरं वाटलं.

मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावच्या जंगलावर गावाचा हक्क, मिळाला, तेव्हापासून जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू, तेंदू स्वतः विकू लागल्या. पण तेंदूचा पैसा कुणाच्या खात्यात जातो? हे ग्रामसभेत विचारायला बाया हव्यात. वनहक्काच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात असा नियमच आहे. तो पुरा करायला सह्या-अंगठे नंतर घरी जाऊन घेतात, ते तुझ्या डोळ्यांदेखत होऊ देऊ नकोस. एक बारीक गोष्ट आणखी. पाळीच्या दिवसांत बाई कुर्माघरात, म्हणजे पाळीसाठीच्या वेगळ्या झोपडीत असते, बैठकीला येत नाही. मला हे कळायला दीड वर्ष लागलं, तोवर मी 'हिला गावाचं काही पडलेलं नाही' असंच धरून चालले होते. म्हणून एकाच बैठकीत कुठलाही निर्णय उरकू नकोस. दोन घे, मध्ये आठवडाभर जाऊ दे. आणि कुर्माघरातल्या बाईला जेवण कोण देतं, किती देतं, हेही हळूच बघ. ती गरोदर नसते म्हणून आपल्या कुठल्याच तक्त्यात येत नाही.

कुणाच्या घरी कोण जेवून गेलं, हे मात्र कधी विचारू नकोस. कुणी आपणहून सांगायला लागली तर उठून पाणी पी.

बूट नको, रबरी चपला घे. ती म्हातारी अजून आहे असं ऐकते. भेटलीस तर माझं नाव सांगू नकोस, तिला मी आवडत नाही.

तुझी,
मावशी