लहान मुलांना घेऊन आरव्हीने यलोस्टोन, टीटन, झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन दहा दिवसांत होईल का?

होईल. मुलांना फक्त आय-15 हायवे दिसेल, पण होईल.

तुम्ही लिहिलंय की सॉल्ट लेक सिटीहून आरव्ही, म्हणजे आत पलंग-शेगडी-संडास असलेली गाडी, भाड्याने घेणार, मुलं दोन आणि पाच वर्षांची, बरोबर आई येणार, आणि आरव्हीमुळे हॉटेलचा खर्च वाचतो असं कुणीतरी सांगितलंय. हे कुणीतरी कोण ते मला ठाऊक नाही. पण 'दहा दिवसांत पाच नॅशनल पार्क' करणारी जमात मी चांगली ओळखते, कारण आमच्या घरातच एक आहेत. माझे धाकटे भाऊजी. त्यांची एक्सेल शीट असते, तिच्यात 'सूर्योदय: 20 मिनिटं' असा रकाना असतो.

आधी नकाशा बघा. यलोस्टोन ते झायन सहाशे मैलांच्या वर आहे. कारने तो एक लांबलचक दिवस. आरव्ही मात्र शेजारून मोठा ट्रक गेला तरी हलते, वारा असला तर आणखीच, त्यामुळे शहाणा माणूस ती ताशी साठ मैलांच्या वर नेत नाही. त्यात दोन वर्षांचं मूल. म्हणजे दोन दिवस फक्त हायवेवर. झायनहून ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला, म्हणजे दक्षिण काठाला, आणखी अडीचशे मैल, आणि तिथून गाडी परत द्यायला सॉल्ट लेक सिटी. दहातले निम्मे दिवस मुलं सीटला बांधलेली. मग आरव्ही कशाला घेतली?

आरव्ही पार्क 'कव्हर' करण्यासाठी नसतेच. ती एका जागी लावून राहण्यासाठी असते. हे मी भाऊजींना गेली कित्येक वर्षं सांगतेय.

आम्ही दोन्ही घरं ऑगस्टमध्ये एकत्र यलोस्टोनला गेलो होतो. आमची पंचवीस फुटी क्लास सी आरव्ही, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर बंक असलेली. भाऊजी, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं मिनीव्हॅनमध्ये, रात्री लॉजवर. निघायच्या आधीच भाऊजींनी जाहीर केलं होतं, "वहिनी, आरव्ही म्हणजे भाड्याचं घर घेऊन भाड्याच्या जागेत राहायचं. दोनदा भाडं." सासूबाईंनी आमच्या गाडीत एकदा डोकावून बघितलं. गॅसची शेगडी आणि संडासाचं दार यांच्यात दोन हातांचंही अंतर नाही हे बघून त्या काही न बोलता मिनीव्हॅनमध्ये जाऊन बसल्या.

यलोस्टोनमधल्या कॅन्यन व्हिलेजकडून फिशिंग ब्रिजला, आमच्या मुक्कामाकडे, येताना हेडन व्हॅली लागते. सोळा मैलांचा रस्ता, बाजूला यलोस्टोन नदी. ऑगस्ट हा बायसनचा, म्हणजे म्हशीसारख्या त्या दांडग्या रानटी प्राण्याचा, माजावर येण्याचा काळ, नर दिवसभर डुरकत असतात आणि कळपच्या कळप रस्त्यावर उतरतात. संध्याकाळी परत येताना आम्ही त्यात अडकलो. पुढे गाड्या, मागे गाड्या, मधून बायसन सावकाश चाललेले. फोनला रेंज नाही. मिनीव्हॅन आमच्या मागे तीन-चार गाड्या सोडून. संपर्काचं साधन एकच, मुलांचे खेळण्यातले वॉकी-टॉकी. बराच वेळ त्यावर दोन चुलत भाऊ 'ओव्हर, ओव्हर' करत होते. मग पुतण्याचा आवाज आला, "काकू, आजीला शू लागलीय. ओव्हर."

सासूबाईंना बीपीसाठी जी गोळी चालू आहे तिने लघवीला वारंवार जावं लागतं. आणि गाडीतून उतरायचं कसं? बायसनपासून किमान 25 यार्ड लांब राहायचं हा पार्कचा नियम आहे, आणि तो उगाच नाही. यलोस्टोनमध्ये इतर कुठल्याही प्राण्यापेक्षा बायसननेच जास्त माणसं जखमी केली आहेत. दिसायला सुस्त, पण ताशी 35 मैलांनी पळतो. आमच्या आणि मिनीव्हॅनच्या मध्ये एक नर असा उभा होता, जणू टोल घेतोय. "आजीला म्हणावं, पाचच मिनिटं" असं मी किती वेळा वॉकी-टॉकीवर सांगितलं त्याची गणती नाही. दर वेळी पुतण्या निष्ठेने "आजी म्हणते बरं. ओव्हर" असं कळवायचा, आणि दर वेळी त्या 'बरं'ची धार वाढत होती.

शेवटी कळप नदीकडे उतरला, गाड्या हलल्या, पुढच्या पुलआउटला, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्याला, आम्ही दोघांनीही गाड्या घेतल्या. सासूबाई आल्या, पायऱ्या चढल्या, इकडे तिकडे न बघता सरळ आत गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "स्वच्छ ठेवलंयस हो." माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही संडासाबद्दल. मग दोन्ही पुतणे. मग जाऊबाई. भाऊजींनी आधी टायर तपासले, मग आकाश बघितलं, मग हळूच आत आले.

तिथेच मुलांना भूक लागली, म्हणून कुकर लावला. वरण-भात, तूप, लिंबू. चारही मुलं डायनेटवर, म्हणजे आतल्या टेबल-बाकांवर, जेवली आणि धाकटी जेवता जेवताच झोपली, तिला उचलून मागच्या पलंगावर टाकलं. आरव्हीचा उपयोग हा. पलंग, संडास आणि भात, तिन्ही एकाच जागी आणि कुठेही. हॉटेलवाल्यांना तेव्हा लॉजवर पोचायला अजून वेळ होता.

रात्री फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, अर्थातच नेहमीपेक्षा लवकर भरला. नवऱ्याने हातमोजे घातले, आणि मी भाऊजींच्या हातात टॉर्च दिला. वापरलंय त्यांनीही. आधी काळी टाकी सोडायची, मग भांडी-अंघोळीची ग्रे टाकी, म्हणजे त्याच पाण्याने पाइप धुतला जातो. भाऊजी टॉर्च इतक्या लांबून धरत होते की उजेड शेजाऱ्यांच्या साइटवर पडत होता. आतून सासूबाई म्हणाल्या, "धाकट्या, नीट धर."

दर दिवाळीच्या फराळाला हा विषय निघतो. भाऊजींचं म्हणणं, "एका म्हशीच्या जोरावर वहिनी किती वर्षं जिंकणार?" एका म्हशीचा प्रश्न नाही. उन्हाळ्यात यलोस्टोनमध्ये असं अडकणं रोजचं आहे. ज्यांच्याबरोबर लंगोटातून नुकतंच बाहेर आलेलं मूल आणि बीपीची गोळी घेणारी आई आहे, त्यांनी एक्सेल शीटपेक्षा संडासाचा विचार आधी करावा.

आता तुमच्या खर्चाचा मुद्दा. वाचत नाही. इथे भाऊजींचा हिशोब बरोबर आहे. रोजचं भाडं, वर बहुतेक ठिकाणी मैलामागे पैसे, जनरेटरचे तासावर पैसे, एका गॅलनमध्ये जेमतेम आठ-दहा मैल, आणि कॅम्पसाइटचं भाडं वेगळं. पैसे वाचवायचे असतील तर मिनीव्हॅन आणि एक इलेक्ट्रिक कुकर.

घरच्या जेवणासाठी घेणार असाल तर ते कोण करणार हे निघायच्या आधी ठरवा, गाडीत बसल्यावर नाही. नाहीतर बाईची सुट्टी म्हणजे तेच स्वयंपाकघर, फक्त लहान आणि चाकांवर. आमच्याकडे कुकर नवऱ्याकडे होता. फोडणी आत करू नका, स्मोक अलार्म लगेच कोकलतो. बाहेर टेबलावर करायची तर नंतर शेगडी, भांडी, तेलाची बाटली, सगळं आत घ्यायचं. ते अस्वलांचं राज्य आहे. फिशिंग ब्रिजला तंबू किंवा कापडी भिंतींची गाडी लावूच देत नाहीत, ते याच कारणासाठी.

एका बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकत नाही, कार सीट. 'आरव्हीत मुलं मोकळी खेळतात' असं ज्यांनी सांगितलं असेल त्यांना सांगा की उभ्या गाडीत खेळतात. चालत्या गाडीत मुलं सीटमध्येच. आडव्या सोफ्यावर किंवा मागे तोंड असलेल्या डायनेटवर कार सीट बसवायची नाही, पुढे तोंड असलेलीच जागा हवी. तिथेही बऱ्याचदा नुसता कमरेचा पट्टा असतो, लॅच, म्हणजे कार सीट अडकवायच्या कड्या, नसतात. भाड्याने देणाऱ्यांना फोन करून विचारा, पुढे तोंड असलेल्या पट्ट्याच्या जागा किती आणि त्यात तुमच्या दोन्ही सीट बसतात का. 'सहा जणांची गाडी' याचा अर्थ सहा जण झोपतात एवढाच असू शकतो. नीट उत्तर मिळालं नाही तर ती गाडी घेऊ नका.

माझ्या मते यलोस्टोन आणि टीटन एवढंच करा. दोन्ही एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. एका मुक्कामाला फिशिंग ब्रिज, दुसऱ्याला टीटनमधलं कोल्टर बे. दोन्हीकडे वीज, पाणी, सांडपाणी साइटवरच मिळतं. बुकिंग जवळजवळ वर्षभर आधी सुरू होतं, म्हणून पुढच्या उन्हाळ्याचं आत्ताच बघा. ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा फवारा साधारण दीड तासाने उडतो, पुढची अंदाजे वेळ तिथे लिहिलेली असते, तोवर मुलांना गाडीत झोपवता येतं. तिथल्या बोर्डवॉकवर, म्हणजे लाकडी पायवाटेवर, मात्र धाकट्याचा हात सोडायचा नाही, खालचं पाणी उकळतं आहे.

झायन-ब्राइस वेगळ्या खेपेला, लास वेगासहून, कारने. झायनमधला 1930 चा बोगदा अरुंद आहे, 11 फूट 4 इंचांपेक्षा उंच किंवा 7 फूट 10 इंचांपेक्षा रुंद गाडी इतर गाड्यांसारखी त्यातून नेता येत नाही, आणि बहुतेक क्लास सी त्या मापात बसत नाहीत. शिवाय वर्षातला बराच काळ आतल्या कॅन्यनच्या रस्त्यावर शटलनेच जावं लागतं, म्हणजे तुमचं घर दिवसभर पार्किंगमध्ये.

दोन गोष्टी राहिल्या. एक, फिशिंग ब्रिज साडेसात हजार फुटांच्या वर आहे, ऑगस्टमध्येही रात्री कुडकुडायला होतं. आईंसाठी गोधडी न्या, आणि त्यांना ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बंकवर झोपवू नका, चढता येत नाही. पाच वर्षांच्या मुलालाही जाळी असेल तरच. दोन, नुसती आरव्ही असली तर गरम पाण्याचे झरे बघायला जातानाही प्रत्येक वेळी वायर-पाइप काढून अख्खं घर न्यावं लागतं, आणि मिडवे गीझर बेसिनला सकाळी लवकर गेलात तरच ती लावायला जागा मिळते. आमचं तसं झालं नाही, कारण दिवसा आम्ही सगळे भाऊजींच्या मिनीव्हॅनमध्ये कोंबून जायचो. हा मुद्दा ते दर दिवाळीला काढतात. तुमच्याकडे भाऊजी नसतील तर पहिले दोन दिवस एक छोटी कार भाड्याने घेता येते का बघा.